कुंभारगावची होडी : एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा हिशेब

आधी धंदा सांगतो. दौंडात माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, बारशी, डोहाळजेवणं आणि ज्यांच्यावर घर चालतं ती लग्नं. पक्षी हा नाद. या नादाचं आणि धंद्याचं हाडवैर, कारण दोघांचा हंगाम एकच. तुळशीचं लग्न लागलं की इकडे तिथी सुरू होतात आणि तिकडे उजनी धरणाच्या फुगवट्यावर बदकं उतरायला लागतात. उन्हाळा सरता सरता मांडव सुटतात, तोवर पाहुणे पक्षी आपापल्या गावी पोचलेले असतात. मधला पौष तेवढा माझा. पौषात कुणी लग्न काढत नाही आणि नेमके तेव्हाच पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, भरपूर असतात. पंचांगवाल्याने माझा विचार केलेला दिसतो.

गेल्या हंगामात मी भिगवणजवळच्या कुंभारगावला तीनदा गेलो. ऑक्टोबरअखेर, जानेवारीत आणि मार्चअखेर. त्यात दोन वेगवेगळ्या होडीवाल्यांचा अनुभव आला. एक असा की परत त्या होडीत पाय ठेवणार नाही, दुसरा असा की त्याच्यासाठी मी लग्नाची ऑर्डर जवळजवळ गमावली. हा त्याचा रिव्ह्यू. नावं आणि नंबर देणार नाही. घाटावर सगळे एकमेकांचे भाऊबंद, एकाला वर चढवलं की दुसऱ्याची चूल थंडावते. होडीवाला कसा पारखायचा ते मात्र सांगतो.

जे पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा येणार त्यांच्यासाठी थोडं. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण पुण्यापासून साधारण 100 किलोमीटर. तिथून पुढे डावीकडे आत वळलं की कुंभारगाव, डिकसळ ही पाण्याकाठची गावं. पाणी म्हणजे उजनी. धरण 1980 साली पूर्ण झालं, भिंत तिकडे माढा तालुक्यात आणि फुगवटा पार आमच्या दौंड तालुक्यापर्यंत. एकूण साठा 117 टीएमसी. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीतसुद्धा ‘उजनी किती टक्के?’ हा प्रश्न असतो. शेतकरी उसासाठी विचारतो, मी रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, विचारतो. उत्तर एकच असलं तरी दोघांना हवं ते वेगळं. त्याला धरण भरलेलं पाहिजे, मला थोडं उतरलेलं.

हे मला ऑक्टोबरच्या फेरीत नीट कळलं.

दिवाळीच्या आसपास मी ओळखीच्या होडीवाल्या मामांना फोन लावला. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, जातिवंत मासेमार. गेली काही वर्षं सकाळी पर्यटक आणि रात्री जाळं असं दोन्ही बघतात. म्हटलं, रविवारी येतो, होडी ठेवा. मामा म्हणाले, “नका येऊ दादा. पाणी लई हाय. बाभळीच्या बुडाला लागलंय. पक्षी कुठं उभा राहणार?”

गिऱ्हाईक स्वतःहून पैसे घेऊन येतंय आणि दुकानदार म्हणतोय, माल चांगला नाही, पुढच्या महिन्यात या. मी स्वतः असं कधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. तरी गेलोच, कारण पोराला सुट्टी होती आणि त्याला कबूल केलं होतं.

मामांचं खरं निघालं. धरण काठोकाठ. रोहित म्हणजे चोच उलटी करून गाळातलं बारीकसारीक गाळून खाणारा पक्षी. त्याला पाय टेकतील इतकं उथळ पाणी लागतं आणि खाली गाळ लागतो. पाणी उतरून असे उथळ पट्टे उघडे पडत नाहीत तोवर तो इकडे फिरकत नाही. म्हणून ज्या वर्षी पाऊस लांबतो आणि धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं, त्या वर्षी रोहितही उशिरा येतात. ‘नोव्हेंबर ते मार्च’ असं सगळीकडे छापलेलं असतं, ते बदकांपुरतं ठीक. रोहितांचं कॅलेंडर पाटबंधारे खात्याकडे असतं.

मामांनी होडी काढलीच नाही. आम्हाला बांधावरून चालत नेलं. उसाच्या पाटाजवळ चिखलात एक शंकर दाखवला. चिमणीएवढा पक्षी, पण गळ्याखाली निळा रंग असा की पैठणीच्या काठाला लाजवेल. थंडीच्या पाहुण्यांमध्ये हा लवकर येणाऱ्यांपैकी, आणि पाण्याकडे डोळे लावून बसलेल्यांना हा कधीच दिसत नाही. काठावर पिवळे धोबी शेपट्या हलवत होते. संध्याकाळी बाभळींवर भोरड्या, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे, आल्या. पोरगं म्हणालं, “बाबा, धूर बघा.” धूर वळला, चपटा झाला, परत गोळा झाला आणि एका झाडात शिरला. मग त्या झाडातून बाजार भरल्यासारखा कालवा. भोरड्या ऑगस्टपासूनच यायला लागतात, पूर्व युरोप आणि मध्य आशियाच्या बाजूने. म्हणजे सगळेच पाहुणे काही हिमालय ओलांडून येत नाहीत.

निघताना पैसे विचारले तर मामा म्हणाले, “होडी काढलीच नाही, पैसे कशाचे? चहाचे द्या वाटल्यास.” मामींनी चहाचेही घेतले नाहीत. जेवणाचे घेतले, त्याबद्दल खाली.

आता जानेवारी.

पौषातला दुसरा रविवार. पुण्यातून भाड्याने लांबचं जवळ आणणारी 150-600 ची लेन्स आणली होती, दोन दिवसांचं भाडं आधीच भरलेलं. मामांना फोन करायला उशीर झाला, त्यांची होडी गेली होती. पहाटे सहाला घाटावर पोचलो तर पार्किंगला जागा नाही. शेकोट्या, चहाच्या टपरीभोवती मफलर आणि एकेकाच्या गळ्यात माझ्या वर्षभराच्या कमाईएवढ्या लेन्सा. एका होडीत एक जागा शिल्लक होती, माणशी चारशे. बसलो. बरोबर पुण्याचे तिघे, होडीवाला पंचविशीतला. चुणचुणीत, बोलका, इंजिन नवं कोरं.

धुकं वितळत होतं आणि पट्टकदंब काठावर दिसले. शे-सव्वाशे तरी असतील. राखाडी अंग आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, शाईच्या पेनाने ओढल्यासारखे. लडाख, तिबेट, मंगोलियात वीण करून येतात. उपग्रहाचे ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला तेव्हा यांतले काही 7,000 मीटरच्या वरून हिमालय ओलांडताना नोंदले गेले. हे सगळं करून आलेला पक्षी आमच्या कुंभारगावच्या काठावर हरभऱ्याच्या शेताशेजारी एका पायावर झोपला होता.

होडीवाल्याने माहिती दिली, “हे सगळे सायबेरियातून येतात.” बरं. पुढे रोहित दिसले. “हे पण सायबेरिया.” रोहित कच्छच्या रणात घरटी करतात. चिखलाची, उलट्या घमेल्यासारखी. मी गप्प बसलो. मग चित्रबलाक आले. “सायबेरिया.” तेव्हा मात्र राहवलं नाही. चित्रबलाक इथून हाकेच्या अंतरावर भादलवाडीच्या तलावात पिल्लं काढतो. इंदापूरला तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची घरटी असतात, खाली सातबाऱ्याच्या रांगा आणि वर पिल्लांचा कलकलाट. हे मी म्हटलं तर पोरगा हसून म्हणाला, “पब्लिकला सायबेरियाच आवडतं, सर.” यात त्याचं एकट्याचं चुकतं असंही नाही.

मग कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, शेव टाकण्याचा कार्यक्रम झाला. होडीतच पुडा ठेवलेला असतो. मूठभर शेव हवेत उडवली की शंभर कुरव डोक्यावर. फोटो येतात, नाही म्हणत नाही. पण नीट बघितलं तर प्रत्येक फोटोत होडीची कड, कुणाचा तरी हात आणि पक्ष्याच्या चोचीत पिवळी शेव. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याचा फोटो फरसाणाच्या जाहिरातीसारखा दिसतो. आणि तिखट तळलेलं बेसन हे काही त्याचं अन्न नव्हे.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधारण दोनशे रोहित उथळ पाण्यात चरत होते. आम्ही बरेच लांब. बरोबरच्या एकाने विचारलं, “फ्लाइट शॉट मिळेल का?” होडीवाला म्हणाला, “मिळतो की. कॅमेरे तयार ठेवा.” आणि त्याने इंजिन पूर्ण खोलून होडी सरळ थव्यावर घातली.

रोहित एका झटक्यात उडत नाही. वजनदार पक्षी, लांब पाय. त्याला पाण्यावरून धावावं लागतं. आधी माना ताठ झाल्या, मग सगळे एका दिशेने चालायला लागले, मग पळायला आणि मग पंख उघडले. आतला रंग दिसला. गुलाबी आणि काळा. तेवढ्या वेळात मी बटण दाबून धरलं होतं, आणि ते मी सोडलं नाही. मनात कुठेतरी ‘हे बरोबर नाही’ असं चाललं होतं, पण बोट काही ऐकत नव्हतं. बाजूचे तिघेही तेच करत होते. थवा पलीकडे लांब जाऊन उतरला. होडीवाला म्हणाला, “अजून एकदा?” पुणेकर म्हणाले, “हो, हो.” आणि ‘नको’ म्हणायला माझं तोंड उघडलं तोवर इंजिन सुरू झालं होतं. असं तीनदा.

रात्री दौंडला येऊन कार्ड उतरवलं. 412 फ्रेम. एक-एक बघत गेलो. सगळ्या पाठी. शेपट्या, लोंबणारे पाय, पंखांची मागची कड. डोळा दिसतोय अशी फ्रेम शोधून शोधून चार निघाल्या, त्यात दोन हललेल्या. साहजिक आहे. होडी मागून येतेय म्हटल्यावर पक्षी पुढेच पळणार. पाठलाग करून काढलेल्या फोटोत पाठच येते. वीस वर्षं कॅमेरा हातात धरून हे मला त्या रात्री कळलं.

आणि आणखी एक. लग्नात मी हे रोज करतो. हार घालताना कुणी मधे आलं, फ्लॅश चुकला, की ‘नवरदेव, एकदा परत घाला.’ तेही बिचारे घालतात. पाचशे माणसं थांबतात. त्यात कुणाचं नुकसान नाही, पंगत दहा मिनिटं उशिरा बसते. पण पट्टकदंब किंवा तलवार बदक इथे पोट भरायला आणि अंगावर चरबी धरायला आलेले असतात. परतीच्या उड्डाणाचा शिधा त्यांना अंगावरच बांधून न्यायचा असतो. दर रविवारी वीस होड्यांनी ‘एकदा परत’ म्हटलं तर तो शिधा इथेच खर्ची पडतो.

त्या होडीला माझे पाचपैकी एक. तो एक इंजिनला.

मार्चला मामांना पंधरा दिवस आधी फोन केला. यावेळी ते स्वतः म्हणाले, “या. पाणी उतरलंय. रोहित धक्क्यापासून दिसत्यात.” अडचण एवढीच होती की मला जमणारा एकमेव दिवस तोच, ज्या दिवशी इंदापूरला लग्न होतं. मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. असिस्टंटला सकाळचे विधी दिले आणि मी पहाटे कुंभारगावात. बायकोला हे आजही पूर्ण सांगितलेलं नाही.

पूर्ण होडी घेतली, अडीच तासांचे पंधराशे. महाग वाटेल, पण ऐका.

मामांनी इंजिन जेमतेम दहा मिनिटं चालवलं. रोहित अजून गुलाबी रेघेसारखे दिसत होते तेव्हाच बंद केलं. मग बांबू. चिखलात बांबू रुतवायचा, ढकलायचा, थांबायचं. मी म्हटलं, “अजून जवळ?” मामा म्हणाले, “सूर्य पाठीवर घ्या आणि गप बसा. ते येतील.” होडी आडवी लावली, उन्हाकडे पाठ, वाऱ्याने सरकू नये म्हणून बांबू रोवून दोरी बांधली आणि स्वतः तंबाखू मळत बसले.

मी फळीवरून उतरून होडीच्या तळात बसलो. तळात दोन बोटं पाणी होतं, पँट भिजली. पण लेन्स पाण्याच्या रेषेला आली. उभं राहून वरून काढलेला पक्षी सीसीटीव्हीत सापडल्यासारखा दिसतो, बसून काढला तर समोरासमोर भेटतो. ट्रायपॉडचा होडीत काही उपयोग नाही, होडीबरोबर तोही डुलतो. मी जुन्या उशीच्या अभ्र्यात दीड किलो ज्वारी भरून नेतो आणि होडीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवतो. बाजारात बीनबॅग मिळतात, पण ज्वारीची घरी परत भाकरी होते.

पहिली वीस मिनिटं काही नाही. एक नदी सुरय डोक्यावरून गेला. हळदी-कुंकू बदकांची जोडी आली, ती इथलीच, बारमाही. समोरच्या खुंटावर कुरव बसला होता आणि त्याच्याकडे बघून मी दचकलो. जानेवारीत याचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे नुसता एक ठिपका. आता सबंध डोकं चॉकलेटी, टोपी घातल्यासारखं. ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ असं नाव असलेला पक्षी अर्धा हिवाळा पांढरं डोकं घेऊन का हिंडतो, हे कोडं असं सुटलं. विणीचा पोशाख हा. निघायच्या आधी चढवतात. पाणटिवळ्यांच्याही छातीवर विटकरी रंग चढला होता. काठावर बघितलं, पट्टकदंब एकही नाही. मामा म्हणाले, “गेले. आठ-दहा दिस झाले. रात्रीच वरडत गेले.” वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात जसं वाटतं तसं झालं. चक्रवाकांच्या दोन-तीन जोड्या मात्र अजून रेंगाळत होत्या.

आणि मग रोहित आले. उडत नाही, चालत. खात खात. माना खाली, चोच उलटी, पुढे सरकत. मधूनच एकजण थांबायचा आणि जागच्या जागी पाय आपटत गोल फिरायचा, द्राक्षं तुडवल्यासारखा. गाळ ढवळला की त्यातलं खाणं वर येतं. त्या पायांचा चुबुक-चुबुक आवाज मला ऐकू येत होता, इतके जवळ. घशातल्या घशात पुटपुटणंही. यंदाच्या किंवा गेल्या विणीची राखाडी पिल्लं थव्यात होती, गुलाबी रंगाचा पत्ता नाही. तो रंग खाण्यातून अंगात मुरायला काही वर्षं जातात. एक पिल्लू सगळ्यांच्या पुढे आलं, मान वर केली आणि सरळ माझ्या लेन्समध्ये बघितलं. पिवळा डोळा अजून आलेला नव्हता, काळाच होता. मी चार फ्रेम काढल्या आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसता बघत राहिलो. शटरचा आवाज नकोसा झाला होता.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा त्याचं, सांगतो, नवख्यांना उपयोगी पडेल. पांढरा पक्षी, कोवळं ऊन आणि काळपट पाणी म्हणजे कॅमेरा हमखास फसतो, पिसं जळून सपाट पांढरी होतात. मला हे सोपं जातं, कारण पांढरा फेटा आणि काळी शेरवानी मी रोज झेलतो. दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्यायचा. उडता पक्षी हवा असेल तर शटर 1/2000, चरणाऱ्याला 1/800 पुष्कळ. साडेनऊनंतर लांबचे फोटो काढूच नका. पाण्यावरची गरम हवा उकळायला लागते आणि कितीही भारी लेन्स असली तरी पक्षी ओल्या काचेतून काढल्यासारखा येतो.

एकूण फ्रेम 96. ठेवण्यासारख्या तीसच्या वर. शेवटी थवा आपणहून उठला, कुणी घाबरवला नाही. वर एक घिरटी घेतली आणि आमच्या समोरून, डावीकडून उजवीकडे गेला. सगळ्यांचे डोळे दिसतात.

सव्वानऊला मामांनी बांबू उपटला. “तुमचं लगीन हाय ना?” मला आठवण नव्हती.

आता जेवण. मामींच्या हातची थाळी 250 ला. चिलापी फ्राय, माशाचा पातळ रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, ठेचा. उजनीत आता मिळते ती मुख्यतः चिलापीच. मामा सांगतात, पूर्वी मरळ आणि वाम जाळ्यात भरपूर यायचे, आता दिसले तर दिसले. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांवाटे शेवटी इथेच येतं आणि उन्हाळ्यात पाण्याला हिरवी साय आणि वास येतो. तरी चिलापी कुरकुरीत होती, मसाला घरचा, रस्सा नाकातून पाणी काढणारा. मार्चला मुहूर्तामुळे जेवता आलं नाही, मामींनी भाकरी आणि दोन तुकड्या कागदात बांधून दिल्या. त्या मी वाटेत गाडीत खाल्ल्या. त्याचा परिणाम पुढे सांगतो.

मुक्कामाच्या खोल्या तिथे बऱ्याच ठिकाणी मिळतात. मी पौषात एक रात्र काढली. गादी स्वच्छ, डास भरपूर, पहाटे गरम पाणी बादलीने. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

तक्रारी दोन आहेत आणि त्या मामांच्या होडीलाही लागू आहेत. पहिली, घाटावर बायकांसाठी धड सोय नाही. पहाटे सहाला आलेली बाई साडेनऊपर्यंत काय करणार? जानेवारीत एका बाईंना शेवटी कुणाच्या तरी घरी विनवणी करावी लागली. दुसरी, लाइफ जॅकेट. मामांकडे आहेत, पण त्यातल्या दोन जॅकेटांचे पट्टे तुटलेले आणि मी मागितल्याशिवाय दिलं नाही. ‘पाणी कमरेएवढंच हाय’ हे उत्तर मला चालत नाही. 21 मे 2024 ला याच धरणात कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटली आणि सहा माणसं गेली. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा या पाण्यावर भरवसा नाही. जॅकेट मागून घ्या, पट्टा ओढून बघा, मगच बसा. याचा एक गुण कापतोय. मामांना पाचपैकी चार.

होडीवाला पारखायचा कसा, तर फोनवरच. ‘पाणी किती आहे?’ विचारा. जो टक्के सांगतो आणि वर ‘आत्ता नका येऊ’ असंही म्हणू शकतो, तो आपला. जो विचारण्याआधीच ‘फ्लाइट शॉट गॅरंटी’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. होडीत शेवेचा पुडा दिसला तर आधीच सांगा, नको. आणि बांबू आहे का बघा. ज्या होडीत बांबू नाही तिच्यात इंजिनच चालणार. रविवार टाळा. नोकरदारांना अवघड आहे, पण एक रजा टाकली तरी चालेल.

इंदापूरला मी 11 वाजून 50 मिनिटांनी पोचलो. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली. नवरीची आई जवळून गेली, थांबली, वास घेतला आणि म्हणाली, “काय हो फोटोवाले, मासे खाऊन आलात लग्नाला?” मी म्हटलं, “नाही मावशी, पाहुण्यांना पोचवायला गेलो होतो.” मंगलाष्टकं झाली, हार घालताना करवलीचा पदर नेमका मधे आला, आणि मी सवयीने ओरडलो, “नवरदेव, एकदा परत!” त्यांनी घातला.

काल मामांचा फोन आला होता. वापरायचा साठा संपून उजनी उणेत गेलीय, पळसदेवाच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलंय आणि रोहित अजून आहेत. “येता का?” डायरी उघडली. या पंधरवड्यात आठ तिथी आहेत, दोन दिवशी तर दोन-दोन. गुरुवारी दुपारची हळद आहे, पण सकाळ मोकळी दिसतेय.